बहिणीनं बंद केलेलं वळण

माझी धाकटी बहीण शहरांच्या वाहतुकीचा अभ्यास करते. कुठल्या रस्त्यावर गाड्या कुठून येतात, कुठं वळतात, कुठं अडतात आणि का अडतात हे शोधायचं आणि मग तिथल्या नगरपालिकेला उपाय सांगायचा, हे तिचं काम. पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत ती बरीच वरच्या जागेवर आहे. मी गोंदियातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवते. विषय तोच, रस्ते आणि वाहतूक. "ती करते, मी शिकवते," असं मी लोकांना हसत सांगायची. तिच्या कंपनीला गोंदियाचंच काम मिळालं आणि ते हसत सांगणं मला जमेनासं झालं.

तिचा फोन आला तेव्हा मी कॉलेजातून येऊन मेथी निवडत बसले होते.

"ताई, गोंदियाचा ट्रॅफिकचा अभ्यास आम्हाला मिळाला. काम होईपर्यंत तुझ्याकडंच राहीन म्हणते. चालेल ना?"

"चालेल काय विचारते? ये ना," मी म्हणाले. आवाजही चांगला काढला. फोन ठेवल्यावर पाहिलं तर निवडलेली आणि न निवडलेली मेथी मी एकाच टोपलीत टाकली होती.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तलावाच्या पाळीखाली. बाबांची धानाची शेती. आम्ही दोघी बहिणीच. घरात मी मोठी आणि ती लहानी. बाबा आजही आम्हाला त्याच नावांनी हाक मारतात. मी इंजिनिअर झाले तेव्हा गावात तसं शिकलेली दुसरी मुलगी नव्हती. पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला जागाही मिळाली होती. त्याच सुमारास गोंदियाचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घरचं पंप आणि मोटारींचं दुकान. बाबा म्हणाले, "पाय बा, तुले काय वाटते ते." जबरदस्ती कोणीच केली नाही. मीच लग्नाला हो म्हटलं आणि तंत्रनिकेतनात नोकरी धरली.

काही वर्षांनी तिची वेळ आली. तिला दूर, मोठ्या शहरात जागा मिळाली. बाबा कच खाऊ लागले. एवढ्या लांब पोरगी, ओळख ना पाळख. तेव्हा मी एसटीनं गावी गेले आणि अंगणात उभी राहून बाबांशी भांडले. "मी नाही गेली तर नाही गेली, हिला जाऊ द्या," असं ओरडून म्हणाले. ती गेली. पुढं पुणं, परदेशातलं प्रशिक्षण, कंपनी. तिचं प्रत्येक पाऊल पुढं पडलं की मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाला तळाशी कडवट चव असायची. लांबून ती चव गिळता येत होती. आता ती माझ्याच गावात, माझ्याच घरात, माझ्याच चौकात येणार होती.

चौक माझा म्हणायला कारण होतं. रेल्वेवरच्या पुलाची उतरण जिथं बाजाराच्या रस्त्याला मिळते, तो गोंदियातला सगळ्यात अडणारा चौक. दर हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथं उभी राहायची. गाड्या मोजायच्या, प्रकार लिहायचे, आलेख काढायचे. माझं मत पक्कं होतं. कोंडी होते ती ऑटोवाल्यांमुळे. पुलाच्या पायथ्याशी ते घोळका करून उभे राहतात, रस्ता अर्धा होतो. ऑटोंचा थांबा हलवा, असं मी नगरपालिकेला दोनदा लेखी दिलं होतं. दोन्ही वेळा चहा मिळाला.

ती आली ती एकटी नाही. सोबत चार-पाच पोरंपोरी, सगळी तिला "मॅम" म्हणणारी. खांबांवर बसवायचे कॅमेरे, पेट्या, एक ड्रोन. माझे विद्यार्थी तिच्या मदतीला गेले. मीच पाठवले, तिनं विचारलं आणि नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. माझ्या तासाला जांभया देणारी पोरं पहाटे पाचला पुलावर हजर राहू लागली. वर्गात येऊन मला सांगायची, "मॅडम, मॅम म्हणत होत्या की गाड्या मोजून काही समजत नाही, त्यांचं वागणं पाहावं लागतं." मी म्हणायची, "बरोबर आहे." फळ्याकडं तोंड करून म्हणायची.

माझे यजमान तिला रोज सकाळी स्कूटरवर चौकात सोडू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्यांनी कॉलेजात कधी सोडलं ते आठवावं लागेल. दुकान उघडायला उशीर होतो, हे त्यांचं नेहमीचं कारण. आता उशीर होत नव्हता. संध्याकाळी दुकानातून येताना तिला आवडतात म्हणून गरम कचोऱ्या आणायचे. "मॅडम, आज काय निकाल?" असं मेहुणीला थट्टेनं विचारायचे आणि ती "भाऊजी, तुमच्या दुकानासमोरच सगळा गोंधळ आहे," असं म्हणून हसायची. मी पोळ्या लाटत ऐकत असायची.

माझी मुलगी तेव्हा दहावीत. तिनं एके दिवशी जेवताना सरळ विचारलं, "आई, तू पण हेच शिकवते ना? मग तुझ्याजवळ ड्रोन काऊन नाही?"

"आमच्या कॉलेजात नाही घेत," मी म्हणाले.

"मावशीनं तर स्वतः मागून घेतला म्हणे."

त्यावर माझी बहीण पटकन म्हणाली, "अगं, तुझ्या आईनंच मला पहिल्यांदा चौकात बसवून गाड्या मोजायला शिकवलं." चांगुलपणानंच म्हणाली ती. पण मला वाटलं, हिनं माझ्या मुलीसमोर माझी बाजू घ्यावी इतकी का मी मागं पडले आहे? भाताचं भांडं उचलून मी आत गेले.

एका संध्याकाळी तिनं टीव्हीला लॅपटॉप जोडून आम्हाला चौक वरून दाखवला. मी इतकी वर्षं तिथं उभी राहिले, पण तो असा कधी पाहिला नव्हता. छोट्या छोट्या गाड्या मुंग्यांसारख्या येत होत्या.

"ताई, तुले काय वाटते, कोंडी कायनं होते?" तिनं विचारलं.

"ऑटोनं. मी कितीदा लिहून दिलं."

"आम्हीही पहिले तेच समजलो होतो," ती म्हणाली. तिचा तो मऊ आवाज मला कानात टोचला. मग तिनं चित्र मागं घेतलं. "हे पाय. अजून ऑटो आलेच नाहीत. पुलावरून हा धानाचा ट्रॅक्टर उतरून राहिला. त्याला बाजारात जायचं आहे, म्हणून तो दुभाजकातल्या फटीतून उजवीकडं वळतो. समोरून येणारे थांबतात. त्याच्या मागचे पुलावर थांबतात. आता पाय, थांबलेल्या गर्दीतले लोक उतरून पायी निघतात. सवारी मिळते म्हणून ऑटो तिथं येतात. ऑटो मागून येतात, ताई. पहिले ते वळण अडते."

मी चित्राकडं पाहत राहिले. पुन्हा एक ट्रॅक्टर, मग एक कार, मग एक टेम्पो. दर वेळी तसंच. माझ्या मोजणीत ऑटो होते, ट्रॅक्टर होते, सगळं होतं. कोण आधी आणि कोण मागून, एवढंच नव्हतं.

"वरून पाहिलं की सगळंच सोपं दिसते," मी म्हणाले. "खाली उभं राहून पाहा एकदा."

तिनं चित्र थांबवलं. यजमान म्हणाले, "अवं पण बरोबरच तर बोलून राहिली ती." मी उठून गॅसवरचं दूध पाहायला गेले. दूध अजून ठेवलंच नव्हतं.

तिचा उपाय साधा होता. दुभाजकातली फट बंद करायची. बाजारात जाणाऱ्यांनी सरळ पुढं जायचं, रस्ता रुंद होतो तिथून वळून परत यायचं आणि डावीकडून बाजारात शिरायचं. थोडा फेरा पडेल, पण कोणी कोणाला अडवणार नाही. हे तिनं नगरपालिकेच्या सभागृहात मांडलं. अधिकारी होते, वाहतूक पोलीस होते, व्यापारी होते. बाबाही आले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी दोनदा निवेदन द्यायला गेले तेव्हा ते कधी आले नव्हते; अर्थात मी त्यांना बोलावलंही नव्हतं.

ती छान बोलली. पुण्याच्या भाषेत सुरुवात केली, व्यापाऱ्यांशी हिंदीत बोलली, आणि मध्येच म्हणाली, "आमच्या गावात तलावाचं पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोडतात. आमचे बाबा म्हणायचे, दोन पाटांचं पाणी समोरासमोर एका तोंडाशी आणाल तर पाणी जागच्या जागी फिरत राहील, बांधी कोरडीच राहील." सगळे हसले, माना डोलावल्या. बाबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची छाती फुगली.

ते बाबांनी सांगितलेलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं. ती शाळेत असताना सुट्टीत माझ्याकडं आली होती, पुलाखालच्या पानटपरीजवळ उन्हात बसून आम्ही गाड्या मोजत होतो आणि ती म्हणाली होती, "ताई, रस्ता तर एवढा मोठा आहे, मग अडते कायले?" तेव्हा मी तिला पाटाचं सांगितलं होतं. मी स्वतः सांगितलं आणि पुढं स्वतःच विसरून ऑटोंच्या मागं लागले. बाबांच्या डोक्यात असं काही कधी आलं असेल असं मला वाटत नाही, पण त्यांनी ते आपलं म्हणून घेतलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. माझे तळवे दुखेपर्यंत वाजवल्या, कोणी म्हणू नये की हिनं वाजवल्या नाहीत.

बाहेर चहा घेताना एक अधिकारी माझ्याजवळ आले. ते मला अनेक वर्षांपासून ओळखत होते. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. ते कौतुकानं म्हणाले, "अरे मॅडम, तुम्ही यांच्या बहीण का? आधी नाही सांगितलं!"

घरी येताना मी तिला विचारलं, "पाटाचं ते बाबा कधी म्हणाले?"

"म्हणायचे ना," ती म्हणाली. "नाही का?" तिचा चेहरा अगदी निर्मळ होता. तिला खरंच तसंच आठवत होतं. आता यावर काय भांडायचं? मी म्हणाले, "म्हणत असतील."

फट बंद करून पाहायचं ठरलं. प्रयोग म्हणून, लोखंडी अडथळे लावून. दिवाळी झाली होती, धान निघालं होतं, गिरण्यांकडं ट्रॅक्टरांची रांग लागायचे दिवस. यापेक्षा कठीण दिवस शोधून सापडला नसता. तिनं मुद्दामच तो निवडला होता. त्या सकाळी मी रजा टाकून चौकात गेले. कोणाला सांगितलं नाही. पुलाच्या कठड्याजवळ उभी राहिले. फसावं, असं मला मनापासून वाटत होतं. देवाजवळ मागितलं नाही एवढंच.

सुरुवातीला फसलंच. ट्रॅक्टरवाले अडथळ्यापाशी येऊन थांबले. एक जण उतरून अडथळा ओढू लागला. पोलीसबाई शिट्ट्या मारून लाल झाल्या. मागं पुलावर हॉर्नचा कल्लोळ. एक माणूस गाडीतून डोकं काढून ओरडला, "किसने दिमाग लगाया रे ये?" माझ्या छातीत एक गरम, गोड लाट आली. समोर माझी बहीण धुळीत धावत होती, हातवारे करत होती, केस विस्कटलेले. मी पाहत राहिले. मला तिची दया यायला हवी होती, पण आली नाही.

मग हळूहळू सुटत गेलं. पहिला ट्रॅक्टर पुढं गेला, वळला आणि समोरून बाजारात शिरला. त्याला पाहून दुसरा गेला. मग कोणाला सांगावं लागेना. पुलावरून गाड्या उतरत होत्या आणि जात होत्या, नुसत्या जात होत्या. ऑटोवाले पायथ्याशी आले, पाहिलं, उतरणारी सवारीच नाही म्हणून आपोआप स्टेशनकडं निघून गेले. इतकी वर्षं ज्यांना हलवायला मी निवेदनं लिहिली ते कोणी न सांगता गेले. चौक एवढा शांत झाला की कोपऱ्यावर पोहे परतणाऱ्याच्या कढईचा आवाज मला ऐकू आला.

ते पाहण्यासारखं होतं. शिकवते तो विषय आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांसमोर खरा झाला होता, आणि माझे डोळे भरून आले. कशानं भरले ते मला नीट सांगता येणार नाही. त्यात आनंद होता, आणि हे माझ्या हातून का नाही झालं हेही होतं. दोन्ही एवढं मिसळलेलं होतं की वेगळं काढता येत नव्हतं.

तिनं मला पाहिलं आणि रस्ता ओलांडून धावत आली. माझा हात धरला. तिचा हात घामानं ओला होता. "ताई, चाललं व! चाललं!"

"हो," मी म्हणाले. "दिसून राहिलं."

एवढंच म्हणाले. तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं, हात सोडला आणि परत गेली.

काम संपवून ती पुण्याला गेली. अडथळे राहिले. आणि मग व्यापारी चिडले. फटीसमोरच्या दुकानांत पूर्वी माणूस गाडी वळवली की उतरायचा. आता तो पुढं निघून जायचा. चिडलेल्यांमध्ये माझे यजमानही होते. त्यांचं दुकान बरोबर त्या फटीसमोर. ज्या मेहुणीसाठी कचोऱ्या यायच्या तिचं नाव निघालं की ते आता पेपर वर करायचे. एका रात्री जेवताना म्हणाले, "तुझ्या बहिणीनं आमचा धंदा बसवला."

'तुझ्या बहिणीनं' हे ऐकून मला बरं वाटलं. आतापर्यंत ती सगळ्यांची होती, आता माझी झाली. मी वाटीत वरण वाढलं.

अडथळे काढावेत म्हणून व्यापाऱ्यांनी नगरपालिकेला बैठक बोलवायला लावली. मला बोलावणं आलं. गावात हा विषय शिकवणारी मीच. बैठकीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मी बहिणीला फोन केला. मला वाटलं ती विनवेल, ताई, सांभाळ, म्हणेल. मी त्या विनवणीची वाट पाहत होते. पण ती म्हणाली, "जाऊ दे ताई. आमचं काम अहवाल देण्यापर्यंत. गावोगावी हेच होते. अडथळे काढले तर काढले. तू कायले भाऊजींशी वाकडी होते?" मागं कोणीतरी तिला हाक मारली. "दुसरी मीटिंग आहे गं, नंतर बोलते," म्हणून तिनं फोन ठेवला.

मी फोन हातात घेऊन उभी राहिले. इतका राग मला तिचा कधीच आला नव्हता. जे मला आयुष्यभर हवं होतं ते तिनं केलं होतं, आणि ते मोडलं तरी तिला चालणार होतं. तिच्याकडं असे आणखी कितीतरी चौक होते. माझ्याकडं हा एकच होता, आणि तोही माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी चौकात गेले, नंतर कॉलेज सुटल्यावर गेले. यजमानांच्या दुकानाच्या पायरीवर बसून पाहिलं. काय अडतं ते या वेळी पाहिलं नाही, कोणाचं काय जातं ते पाहिलं. पायी येणाऱ्या बायकांना रस्ता ओलांडता येत नव्हता. हातगाडीवाल्याला माल घेऊन लांबचा फेरा पडत होता. दुकानांत माल उतरवायला टेम्पोला जागा नव्हती. व्यापारी खोटं बोलत नव्हते. बहिणीनं गाड्यांचं पाहिलं होतं, पायांचं पाहायचं राहिलं होतं. ते दिसल्यावर मला आनंद झाला, हे लपवून काय करू? तिचं काहीतरी चुकलेलं मला सापडलं होतं.

बैठकीत एक व्यापारी उठून म्हणाला, "मॅडम, ये तो आपकी बहन का शौक था. ग्राहक घूम के कौन आएगा?" त्याच्यामागं माझे यजमान बसले होते, हाताची घडी घालून. अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय म्हणता?"

गप्प बसणं फार सोपं होतं. विचार करावा लागेल, असं एक वाक्य बोलले असते तरी अडथळे त्याच संध्याकाळी गेले असते, बहिणीचा चौक पुन्हा तुंबला असता आणि माझ्या घरात शांतता झाली असती. मी उठले तेव्हा काय बोलणार ते मलाही माहीत नव्हतं. मग त्या सकाळी पुलावरून उतरत गेलेल्या गाड्या डोळ्यांसमोर आल्या.

"फट उघडू नका," मी म्हणाले. "गाड्यांसाठी उघडू नका. पायी माणसाला आणि हातगाडीला जाता येईल एवढी वाट ठेवा. दुपारी गर्दी नसते, तेव्हा माल उतरवायला टेम्पो येऊ द्या. वळण आहे तिथं मोठी पाटी लावा, बाजार इकडं म्हणून. यानं दुकानं बसणार नाहीत. पण फट उघडाल तर पूल बसेल, आणि पुलावर अडलेला ग्राहक तुमच्या दुकानात येत नसतो."

"तुझं दुकान आहे का तिथं?" असा आवाज मागून आला. माझे यजमान होते. चारचौघांत ते मला असं कधी बोलले नव्हते. सगळे वळून पाहू लागले.

"तुमचं आहे म्हणजे माझंच आहे," मी म्हणाले. "म्हणूनच काल पायरीवर बसून पाहत होती."

कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत. बराच वाद झाला. शेवटी लग्नसराई संपेपर्यंत फट बंद ठेवावी, मी सांगितलेली वाट ठेवावी आणि मग पाहावं, असं ठरलं. पुढं लोकांना सवय झाली. उन्हाळ्यात लोखंडी अडथळ्यांच्या जागी पक्कं बांधकाम झालं, मधोमध पायवाट सोडून. यजमान माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलले. मग एके दिवशी दुकानाची नवी पाटी रंगवून घेतली आणि खाली बाण काढून लिहिलं, 'पुढून वळून या'. ती मला दाखवायला मोबाइलवर फोटो घेऊन आले. तेवढ्यावर आमचं मिटलं.

पक्कं बांधकाम झाल्यावर पेपरात बातमी आली. सोबत माझ्या बहिणीचा फोटो. माझं नाव नव्हतं, पायवाटेचाही उल्लेख नव्हता. कॉलेजात तीन जणांनी मला तो पेपर आणून दाखवला.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी गावी होतो. चुलत घरचं लग्न होतं. मांडवात बाबा तिला हाताला धरून पाहुण्यांसमोर फिरवत होते. "हे माही लहानी. गोंदियाचा रस्ता हिनंच सोडवला." मी पंगतीत वाढत होते. ती म्हणाली, "बाबा, सोडवला मी, पण टिकवला ताईनं. तिनं भांडून टिकवला."

बाबा माझ्याकडं वळले. "हो काय व मोठी? बरं केलं," म्हणाले आणि पुढच्या पाहुण्याकडं गेले.

जेवणं आटोपल्यावर ती माझ्यामागं तलावाच्या पाळीवर आली. पाणी खाली गेलं होतं, म्हशी चिखलात बसल्या होत्या. ती गावच्याच बोलीत, अगदी सरळ म्हणाली, "तू माह्यावर जळते ना ताई?"

मी तिच्याकडं पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो."

"काऊन?"

"तू केलं ते मला करायचं होतं. आणि मोडलं असतं तरी तुला काही वाटलं नसतं."

ती पाण्याकडं वळली. मला वाटलं रडेल, किंवा गळ्यात पडेल. तिनं यातलं काही केलं नाही. म्हणाली, "वाटलं असतं. पण सगळ्या चौकांचं वाटून घेतलं तर माणूस जगत नाही गं." मग पायानं एक खडा पाण्यात ढकलला. "तिरोड्याचं काम येऊन राहिलं. रेल्वे फाटकापाशी ट्रकांची रांग लागते. पायी चालणाऱ्यांचं पाहायचं माझ्या लोकांना सुचत नाही, तुझ्या चौकात समजलं मला ते. सुट्ट्यांत येशील?"

"माझं नाव अहवालावर राहील?"

"राहील."

"आधी की नंतर?"

ती हसली. "हे तू मले विचारून राहिली की भांडून राहिली?"

"दोन्ही," मी म्हणाले.

गेलं वर्षभर सुट्ट्या मिळाल्या की मी तिरोड्याला जाते. यजमान कधी स्कूटरवर स्टेशनपर्यंत सोडतात, कधी नाही. तिची पोरंपोरी मलाही आता मॅम म्हणतात, पण अडलं की आधी तिला फोन लावतात आणि मग मला विचारतात. तसं झालं की मला आजही झोंबतं. परवा कॅमेरा कुठं लावायचा यावरून आम्हा दोघींचं फाटकाजवळ चांगलंच वाजलं. तिचं म्हणणं उंचावर, माझं म्हणणं खाली, माणसं रूळ ओलांडतात तिथं. ट्रकवाले खाली उतरून ऐकू लागले. शेवटी तिनं माझ्या जागी लावायला सांगितलं. संध्याकाळी चित्र पाहिलं तर एका ट्रकनं पुढं येऊन सगळं झाकलं होतं. दिवसभर नुसती ताडपत्री दिसत होती. तिनं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. मीच पोराला म्हणाले, "उद्या वर लाव," आणि तिच्याकडं न पाहता चहा मागवला, दोघींसाठी.